हात लावलाय का?

प्रश्न साधा होता. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने विचारला. "दादा, काल नेल्यापासून तुम्ही काय हात लावलाय का गाडीला?"

मी म्हणालो, "नाही रे. काल आणून उभी केली, तशीच आहे."

हे खोटं होतं. पण बोलताना ते मला खोटं वाटलं नव्हतं, आणि या लेखाचं कारण तेच आहे. खोटं बोलताना छाती धडधडते, नजर चुकवावीशी वाटते, असं आपण ऐकून असतो. मला त्यातलं काहीही झालं नाही. चहा घेणार का, असंही मी त्याला त्याच सुरात विचारलं.

गाडी म्हणजे पप्पांची मारुती ८००. १९९७चं मॉडेल, म्हणजे गाडी आणि मी एकाच वर्षातले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर. कंपनीने ८०० बनवणं २०१४च्या जानेवारीत थांबवलं, पण आमची अजून साताऱ्याचे चढ चढते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसने घरून काम करायला दिलं तेव्हा बरेच महिने साताऱ्यालाच होतो, आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटला की या गाडीला काहीतरी लावत बसायचो. आधी पेनड्राइव्हवाली म्युझिक सिस्टिम, मग सेंट्रल लॉकिंग, मग हेडलाइट. पप्पा म्हणायचे, "चालतेय ना? मग राहू दे की." इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाला हे वाक्य ऐकू येत नाही.

त्या शनिवारी गाडी गॅरेजमधून आणली होती. टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून ऑइल गळत होतं. तिथला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, त्याने डिस्ट्रिब्युटर काढून नवीन ओ-रिंग घालून परत बसवला. गाडी छान चालत घरी आली. रात्री साडेअकराला मी माझं काम काढलं. चोरस्विच. स्टिअरिंगखाली लपवलेलं एक बटण, ते बंद असेल तर चोराने चावी फिरवली तरी इंजिन लागणार नाही. त्यासाठी इग्निशन कॉइलला जाणारी वायर मध्येच तोडून एका रिलेमधून न्यायची. रिले जोडलेला राहायला त्याला स्वतःचा थोडासा करंट लागतो. तो मी हाताशी होता म्हणून म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून घेतला. चावी ऑन केली, बटण दाबलं, डॅशबोर्डखाली 'टक' असा आवाज आला. झालं काम. इंजिन सुरू करून बघितलं नाही, कारण गल्ली झोपली होती.

रविवारी सकाळी पप्पा-मम्मींना वाईला लग्नाला जायचं होतं. सेल्फ मारला, इंजिन गरागरा फिरलं, लागलं मात्र नाही. पाचदा, दहादा. पप्पांनी गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला आणि ते वाक्य म्हणाले, जे आपण सगळेच म्हणतो: "काल तुमच्याकडून आणली आणि आज बंद."

मिस्त्रींनी त्या मुलाला सुट्टीच्या दिवशी पाठवलं. आणि त्याने तो प्रश्न विचारला.

आता तो मुलगा काय करत होता ते नीट सांगतो, कारण त्याने एकही पायरी चुकवली नाही. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. कार्ब्युरेटरचं वरचं झाकण काढून त्याने अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली, आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली. म्हणजे पेट्रोल येतंय. मग एक प्लग काढला, केबलला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला म्हणाला, "मारा सेल्फ." ठिणगी नाही. म्हणजे घोळ ठिणगीच्या बाजूला. मग कॉइलपर्यंत करंट येतोय का ते बघायला त्याने टेस्ट लॅम्प लावला आणि म्हणाला, "चावी ऑन करा." लॅम्प लख्ख पेटला.

इथे तो फसला. खरं तर मी त्याला फसवला. लॅम्प पेटला म्हणजे कॉइलला करंट आहे, म्हणजे पुढचं बिघडलंय. पुढे काय, तर डिस्ट्रिब्युटर. आणि डिस्ट्रिब्युटरला काल कोणी हात लावला होता? त्याने स्वतःच. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, त्याचा चेहरा मला दिसला. तो हळू आवाजात म्हणाला, "काल बसवताना माझ्याकडनंच काहीतरी झालं असणार."

त्याने डिस्ट्रिब्युटर काढला. गॅरेजमध्ये जाऊन दुसरा, जुना पण चालू, घेऊन आला. तो बसवायची पद्धत बघण्यासारखी असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका कामासाठी क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो आणि टायमिंगची खूणही दोनदा जुळते. एकदा पेट्रोल-हवा दाबून झालेली असते, ठिणगी तेव्हा हवी. दुसऱ्यांदा नुसता धूर बाहेर गेलेला असतो, तेव्हा ठिणगी पडून उपयोग नाही. डोळ्यांना दोन्ही वेळा अगदी सारखंच दिसतं. म्हणून त्याने एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरला आणि मला पान्याने पुली फिरवायला सांगितली. आतून हवेचा दाब येऊन अंगठा उचलला गेला, तेव्हा म्हणाला, "हां, ही खरी खूण." मी सहा वर्षं कोड डीबग करतोय, पण 'खूण जुळली' आणि 'बरोबर आहे' यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मला कुणी दाखवला नव्हता.

तरीही गाडी लागली नाही. आता मिस्त्री स्वतः आले. आल्या आल्या त्यांनी मुलाला असं काही सुनावलं की मम्मी आत निघून गेली. मग म्हणाले, "प्लग ओले झालेत. धक्का मारा." आमच्या गल्लीला उतार आहे. मी गाडीत बसलो, चावी ऑन केली, पप्पांच्या पेनड्राइव्हवरचं नाट्यगीत सुरू झालं. ते सकाळपासून आम्हाला छळत होतं. सेल्फ मारला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. तिघांनी मिळून गाडी ढकलली, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, आणि इंजिन लागलं. गाणं सुरूच होतं.

मला त्याच क्षणी कळलं. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ताण नको म्हणून गाडी म्युझिक सिस्टिमची लाइन तेवढ्यापुरती तोडते. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, मीही हजारदा पाहिलं होतं. त्या लाइनवर माझा रिले होता. म्हणजे सेल्फ मारला की रिले सुटणार, कॉइलचा करंट जाणार, ठिणगी नाही. चावी नुसती ऑन केली की सगळं ठीक, म्हणून लॅम्प पेटला. धक्का मारताना चावी ऑनवरच होती, म्हणून गाडी लागली. करंट नेमका हवा त्याच क्षणी नव्हता, आणि बाकी कुठल्याही क्षणी तपासलं तर होता.

मी गाडी फिरवून वर आणली. मिस्त्री मुलाला सांगत होते, "बघितलंस? डिस्ट्रिब्युटरच मारून ठेवलेलास. दुसरा घातला, पण तोवर प्लग भिजले." हे स्पष्टीकरण चुकीचं होतं, पण घडलेली प्रत्येक गोष्ट त्यात बसत होती. दुसऱ्यांदा जुळलेली खूण. पप्पा पैसे द्यायला लागले तर ते म्हणाले, "तुमच्याकडून कशाला? याच्या पगारातून कापतो. त्याशिवाय शिकायचा नाही." पप्पा म्हणाले, "अहो, असू दे हो." मुलगा पाने गोळा करत होता.

मी काहीच बोललो नाही.

वाईला कार्यालयाच्या आवारात, लोक पंगतीला बसलेले असताना, मी इस्त्रीच्या शर्टात डॅशबोर्डखाली आडवा झालो आणि ती वायर सेल्फच्या वेळीही चालू राहणाऱ्या लाइनवर घेतली. पाच मिनिटं लागली. येताना गाडी अर्ध्या सेल्फला लागली. पप्पा खुशीत म्हणाले, "मिस्त्रीचं काम म्हणजे काम."

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मी बराच काळ एकत्र करून ठेवल्या होत्या. उतारावर गप्प राहिलो तो सरळ भित्रेपणा होता. त्याबद्दल विचार करण्यासारखं फार नाही, मी चुकलो. मला जास्त अडतं ते सकाळचं "नाही रे". तेव्हा मला काहीच लपवायचं नव्हतं. माझ्या डोक्यात हिशेब असा झाला: रिलेने 'टक' केलंय, म्हणजे तो चालू आहे, म्हणजे त्याचा याच्याशी संबंध नाही, म्हणजे सांगायची गरज नाही. आणि त्यात थोडी लाजही होती, कारण मिस्त्री लोकांना गाडीत घरी केलेल्या खटपटी आवडत नाहीत. म्हणजे कुठली माहिती महत्त्वाची, हे त्याच्या वतीने मी ठरवलं. ज्याला बिघाड कुठे आहे हे माहीत नाही, त्याने 'याचा संबंध नाही' हे कशाच्या जोरावर ठरवायचं? संबंध आहे की नाही हेच तर शोधायचं असतं. डॉक्टरांना आपण "बाकी काही औषध नाही घेत" असं सांगतो आणि मैत्रिणीने दिलेलं आयुर्वेदिक चूर्ण त्यात धरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, ही म्हण आपण योगायोगासाठी वापरतो. न्यायदर्शनात यावर फार बारीक काम झालेलं आहे. कुंभार मडकं करतो, त्याच्या आधी माती असते, चाक असतं, दांडा असतो. माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव मडक्याचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, नुसतं आधी असणं पुरत नाही. ज्याच्याशिवायही कार्य होऊ शकतं त्याला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हणून बाजूला काढलं. त्या मुलाची ओ-रिंग अन्यथासिद्ध होती. ती शनिवारी दुपारी बसली, गाडी रविवारी बंद पडली, याहून त्यांचा काही संबंध नव्हता. (गाढव कोण होतं ते वाचकांवर सोडतो.)

पण आपण रोज वागताना नैयायिकांसारखे वागत नाही. हार्ट आणि ऑनोरे या दोन कायदेपंडितांनी १९५९ साली 'कॉझेशन इन द लॉ' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा की आग लागायला हवेतला ऑक्सिजनही लागतो, पण आपण ऑक्सिजनला कारण म्हणत नाही. जे नेहमीपेक्षा वेगळं घडलं, किंवा जे कुणीतरी केलं, त्याला कारण म्हणतो. हे बरोबरच आहे. गाडी रोज चालते, काल काय बदललं? आम्हीही ऑफिसात काही पडलं की पहिला प्रश्न हाच विचारतो, शेवटचा डिप्लॉय काय होता. ही चांगली पद्धत आहे, फक्त तिला एक अट आहे. बदलांची यादी पूर्ण पाहिजे. यादीतली एक ओळ कुणी खिशात ठेवली, तर ही पद्धत नुसती निकामी होत नाही, ती पूर्ण खात्रीने दुसऱ्या कुणाचं तरी बोट पकडते. माझी ओळ काढल्यावर त्या यादीत एकच नाव उरत होतं.

आणि त्या नावाकडे बोट वळवणं सगळ्यांना सोपंही होतं. इथे एक नकोशी गोष्ट कबूल करतो. मिस्त्रींनी मलाही विचारता आलं असतं, "साहेब, तुम्ही काही केलंय का?" त्यांनी विचारलं नाही. मी ग्राहक, इंजिनिअर, पुण्यात नोकरी. तो कामावरचा पोरगा. शंका उताराने खाली गेली, गाडीसारखीच. उलट विचारायची हिंमत त्या मुलानेच केली होती, आणि माझं उत्तर त्याने खरं मानलं.

या घटनेनंतर काही महिन्यांनी आमच्या कंपनीत एक सिस्टिम पडली. दोन तास बंद. शेवटचा बदल टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीचा होता. दुसऱ्या दिवशी बैठक झाली, तिला आम्ही 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतो. कुणी केलं हे विचारायचं नाही, काय घडलं आणि तेव्हा ते करणाऱ्याला योग्य का वाटलं हे विचारायचं. जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये एट्सी कंपनीतल्या अनुभवावरून यावर लिहिलं आणि मग ही पद्धत आमच्या धंद्यात पसरली. मूळ कल्पना विमान वाहतुकीच्या सुरक्षेतली. अमेरिकेत १९७६पासून नासा अशी यंत्रणा चालवते की वैमानिकाने स्वतःची चूक कळवली तर त्याचं नाव काढून टाकलं जातं. शिक्षेच्या भीतीने माणसं माहिती दाबतात आणि दाबलेली माहिती पुढचं विमान पाडते, हा त्यामागचा विचार.

बैठकीत मीच पुढे होतो. "हिने काय केलं हे सोडा, आपल्या टेस्टने हे का पकडलं नाही ते बघू," असं मी म्हणालो. मुलीचा जीव भांड्यात पडला. मॅनेजरने नंतर कौतुकाचा मेसेज टाकला. तो वाचताना मला प्लगच्या भोकावर धरलेला तो अंगठा आठवला.

कुणालाही दोष न देता चौकशी करणं हे मला पटतं, अजूनही. पण ते एका सौद्यावर उभं आहे. आम्ही शिक्षा करणार नाही, तुम्ही काय केलं ते सगळं सांगा. आमच्याकडे सौद्याचे दोन्ही भाग आहेत, कारण आमचा पगार कापला जात नाही आणि केलेला प्रत्येक बदल नावासकट, वेळेसकट आपोआप नोंदलेला असतो. मी तिथे प्रामाणिक आहे असं म्हणायलाही संकोच वाटतो, लपवायची सोयच नाही. गॅरेजमध्ये यातलं काही नाही. तिथे रात्री साडेअकराची नोंद फक्त माझ्याकडे होती, आणि चुकीची किंमत दुसराच भरणार होता. थोडक्यात, ऑफिसात मी जे भाषण केलं ते मला काहीही पडलं नव्हतं.

मी हे माझ्या रूममेटला सांगितलं. तो म्हणाला, "सोडून दे ना. त्या पोराला रोज चार शिव्या बसत असतील, तो कधीच विसरला असेल. आता तू जाऊन सांगणार, म्हणजे तुला बरं वाटावं म्हणून." हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. उशिरा केलेल्या कबुलीत स्वतःची सुटका असतेच. समोरच्याला काही मागायचं नसताना आपण त्याच्या दारात आपलं ओझं नेऊन ठेवतो आणि वर त्याने माफ करावं अशी अपेक्षा धरतो. कितीतरी कबुल्या अशा असतात की त्या न दिलेल्याच बऱ्या.

बरेच दिवस मी यावर अडकून होतो. पैसे परत करणं तर उघडच होतं, ते निनावीही करता आलं असतं. पण त्या सकाळी त्याचं पैशांशिवाय आणखी काय गेलं, याचा विचार केल्यावर माझं मत बदललं. त्याने काम नीट केलं होतं. तपासही नीट केला होता, लॅम्पचा अर्थही नीट लावला होता. आणि या सगळ्याच्या शेवटी त्याला जे शिकायला मिळालं ते असं की माझा हात चुकतो. कारागिराकडे दुसरं असतं काय? पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवताना तो एकतर घाबरून दहादा उघडून बघणार, किंवा कामच अंगावर घेणार नाही. ही चुकीची माहिती त्याच्या डोक्यात मी भरली होती, आणि ती दुरुस्त करू शकणारा जगात मी एकटाच होतो. मिस्त्रींना खरं माहीत नव्हतं, पप्पांना नव्हतं. मला बरं वाटेल की नाही हा प्रश्न मग मागे पडला.

दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा गॅरेजवर गेलो. मुलगा तिथे नव्हता. मिस्त्री म्हणाले, गेला कराडला, चुलत्याच्या गॅरेजात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाना पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तेव्हा बोलायचं होतं." एवढंच. नंबर दिला.

फोनवर त्याला आधी गाडीच आठवेना. "कुठली ८००, दादा? लई असत्यात." मी उतार सांगितला, वाईचं लग्न सांगितलं. मग म्हणाला, "ती नाटकातली गाणी लावलेली?" मी म्हटलं, हो, तीच. आणि रिलेचं सांगितलं. बोलताना या वेळी छाती धडधडत होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"पण लॅम्प पेटला होता की," तो म्हणाला.

मी सांगितलं, चावी नुसती ऑन होती तेव्हा पेटला. सेल्फ मारताना बघितलं असतं तर विझला असता.

"हां. म्हणजे सेल्फ मारता मारता बघायला पाहिजे होतं." पुन्हा थोडा थांबला. "म्हणजे ओ-रिंग मी बरोबरच बसवली होती."

"अगदी बरोबर बसवली होतीस. अजून थेंब गळत नाही."

पगारातून किती कापले विचारलं. आधी "राहू दे हो" म्हणाला, मग आकडा सांगितला. मी त्याच नंबरवर पाठवले आणि सॉरी लिहिलं. पैसे मिळाल्याचं त्याने काही कळवलं नाही. रात्री दहाला मेसेज आला: "रिले कसा जोडलाय त्याचा फोटो टाका."